कुंपण कोणी घालायचे?

(तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपल्या दोन कार्यकर्त्यांची माझ्या देखत बाचाबाची झाली. एकाच्या हातात अर्ज होता. बंद पडलेला कोंडवाडा पुन्हा सुरू करावा आणि मोकाट गुरांच्या मालकांकडून जबर दंड घ्यावा, अशी त्यात मागणी होती व खाली कालव्याकाठच्या खातेदारांच्या सह्या होत्या. दुसरा कार्यकर्ता माळावरच्या वस्तीतला. या कागदावर पक्षाच्या माणसाने सही करणे म्हणजे शेळ्यामेंढ्यांवर पोट असलेल्याच्या गळ्यात आपल्या हाताने दावे अडकवणे होय, असे त्याचे म्हणणे. दोघेही प्रामाणिक, एकाच आंदोलनात एकाच कोठडीत बसलेले. "दादा, बरोबर कोण?" असे दोघांनीही मला विचारले आणि मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. ते राहिलेले उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

आरंभ जरा दूरवरून, अमेरिकेपासून करणार आहे. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरी गुरांवरून झालेला शेजाऱ्यांचा तंटा कायदेमंडळात, न्यायालयात, मतपेटीत आणि बंदुकीच्या नळीवर, अशा सर्व मार्गांनी लढला गेला आहे. त्याची नोंद तपशिलाने उपलब्ध आहे आणि ती आपल्या उपयोगाची आहे.

तेथील पश्चिम भागात रँच नावाचा प्रकार असतो. शेकडो, हजारो एकरांचे कुरण आणि त्यावर सोडलेली, डाग देऊन ओळखली जाणारी गुरे. एका रँचला लागून दुसरी रँच, कधी गव्हाची शेते. आता माझी गाय तुमच्या शिवारात शिरली व पीक खाऊन गेली, तर दोष कोणाचा? गाय न आवरणाऱ्या माझा, की कुंपण न घालणाऱ्या तुमचा? इंग्लंडच्या परंपरागत कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध होते: जनावर ज्याचे, नुकसानीची जबाबदारी त्याची. पण समुद्र ओलांडून गेलेल्या वसाहतवाल्यांनी पश्चिमेत व दक्षिणेत हे उत्तर उलटे केले. जनावर मोकळे फिरणार हे गृहीत धरायचे आणि ज्याला पीक वाचवायचे असेल त्याने कायद्याला मान्य असे भक्कम कुंपण घालायचे. कुंपण नसेल तर भरपाई नाही. यालाच तेथे मोकळ्या कुरणाचा नियम म्हणतात व काही राज्यांच्या मोठ्या भागांत तो आजही चालतो. (हे कुरण 'मोकळे' कसे झाले, हा प्रश्न मात्र तेथे फारसा विचारला जात नाही. रानरेड्यांचे कळप मारून व मूळ रहिवाशांना हुसकावून ते मोकळे करण्यात आले होते.)

आपल्यातील काहींना हा नियम ऐकून बरे वाटले असेल. मोकळी जमीन, मोकळे जनावर, सर्वांचे गवत! त्यांनी थोडे थांबावे.

कॅलिफोर्नियात १८५० मध्ये असाच कायदा झाला. त्याचा लाभ कोणाला? ज्यांच्याकडे गुरांचे प्रचंड कळप होते त्यांना. नव्याने आलेला लहान शेतकरी शंभर-दीडशे एकरांत गहू पेरी आणि त्याभोवती लाकडी कुंपण घालण्याचा खर्च कधी कधी जमिनीच्या किमतीच्या वर जाई. म्हणजे दुसऱ्याच्या गुरांना आवरण्याचा खर्च याच्या बोकांडी. १८७० च्या दशकाच्या पूर्वार्धात गहू पिकवणाऱ्यांनी हा नियम उलटवला व गुरे राखण्याची जबाबदारी गुरांच्या मालकावर आली. तेथे बंदिस्तीचा कायदा लहान माणसाच्या मदतीला आला.

आता त्याच दशकातील जॉर्जिया राज्य पाहा. यादवी युद्ध नुकतेच संपलेले, गुलामगिरी कायद्याने गेलेली. मुक्त झालेल्या काळ्या माणसाकडे जमीन नव्हती, पण एखादी गाय, दोन डुकरे असत. पीक कुंपणात आणि जनावर बाहेर, हाच तेथील जुना रिवाज असल्याने ती जनावरे कोणाच्याही पडीत रानात चरत. भूमिहीन गोऱ्यांचेही तसेच. एवढ्या आधारावर माणूस मळेवाल्याकडे मजुरीला जायचे की नाही, हे थोडेबहुत स्वतः ठरवू शके. हीच गोष्ट मळेवाल्यांना सलत होती. त्यांनी जनावरे कोंडून ठेवण्याच्या कायद्याची मागणी लावून धरली. परगण्यापरगण्यात त्यावर मतदान झाले आणि गरीब गोऱ्यांनी व काळ्यांनी पुष्कळ ठिकाणी त्याला कडवा विरोध केला. कायदा अखेर आलाच. ज्याला स्वतःची जमीन नाही त्याने जनावर कोठे कोंडावे? त्याने ते विकले आणि वाट्याने शेती करणारा कर्जबाजारी कुळवाडी बनला. कायद्याचे कलम जवळजवळ तेच. एके ठिकाणी त्याने लहान शेतकऱ्याला तारले, दुसरीकडे भूमिहीनाला जखडले.

म्हणून 'मोकळे कुरण' पुरोगामी आणि 'कुंपण' प्रतिगामी, किंवा याच्या उलट, असे सूत्र पाठ करून तालुक्यात हिंडणाऱ्या कार्यकर्त्याची मला भीती वाटते.

पुढे काटेरी तार आली. १८७४ मध्ये इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला तिच्या सुधारित नमुन्याचे एकस्व मिळाले. लाकडाच्या मानाने ती स्वस्त, आणि झाड नसलेल्या मैदानातही उभारता येणारी. तेव्हा कुंपण आता गरिबालाही परवडेल, असे वाटणे स्वाभाविक होते. टेक्सासमध्ये घडले ते निराळेच. ज्यांच्याजवळ भांडवल होते त्यांनी मैलोगणती तार ठोकली. स्वतःच्या जमिनीभोवती तर ठोकलीच, पण सरकारी जमीन, दुसऱ्याची जमीन, सार्वजनिक रस्ते आणि मुख्य म्हणजे पाणवठे त्या तारेच्या आत घेतले. १८८३ साली अवर्षण पडले. ज्याच्याकडे गुरे होती पण पाणी तारेपलीकडे होते, त्याने रात्री तार कापली. अशा टोळ्या ठिकठिकाणी उभ्या राहिल्या, माणसे मेली.

यावर सरकारने काय केले ते लक्ष देऊन ऐका. राज्यपाल जॉन आयर्लंड यांनी जानेवारी १८८४ मध्ये कायदेमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. तार कापणे हा गंभीर गुन्हा ठरला व त्याला एक ते पाच वर्षांची कैद ठेवण्यात आली. दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन तारेत घेणे हाही गुन्हा ठरला, परंतु तो किरकोळ, आणि अशी तार काढून घेण्यास सहा महिन्यांची मुदत! सार्वजनिक रस्ता आडवणाऱ्या तारेला तीन-तीन मैलांवर फाटक ठेवावे, अशीही तरतूद केली. दोन्ही पक्षांना समान न्याय दिला, असे म्हणायला कायदेमंडळ मोकळे झाले. जमीन गिळणाऱ्याला मुदत आणि तार कापणाऱ्याला तुरुंग, अशी ही समानता होती.

न्यू मेक्सिकोची कथा आपल्या अधिक जवळची आहे. हा मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोचा. तेथील स्पॅनिश भाषिक गावांना जमिनीच्या जुन्या सनदा होत्या. घर व शेत ज्याचे त्याचे, परंतु भोवतालचे कुरण, रान व पाणी सर्व गावाचे. आपल्या गायरानासारखी ही व्यवस्था समजा. अमेरिकन अंमल आल्यावर वकील, सट्टेबाज व मोठे गुरेवाले यांनी या सामाईक जमिनी विकत घेतल्याचे दाखवून तारा ठोकल्या. १८८९ व १८९० या वर्षांत सान मिगेल परगण्यात डोक्यावर पांढरे बुरखे घातलेली माणसे रात्री घोड्यांवरून येत व मैलच्या मैल तार कापून टाकीत. 'गोरास ब्लांकास', म्हणजे पांढऱ्या टोप्यांवाले, हे त्यांचे नाव. त्यांचा एक म्होरक्या हुआन होसे हेरेरा हा 'नाइट्स ऑफ लेबर' या कामगार संघटनेचा संघटक होता, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. तारेचा तंटा आणि रेल्वेमजुराची मजुरी हे एकच प्रकरण आहे, हे त्याने ओळखले होते. त्यांनी आपला जाहीरनामा छापला व १८९० च्या निवडणुकीत त्यांच्या बाजूचा लोकपक्ष त्या परगण्यात विजयी झाला.

आणि मग १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तशाच एका सनदेच्या खटल्यात निर्णय दिला की, गावाच्या सामाईक जमिनीची मालकी गावाची नसून सार्वभौम सत्तेची होती. म्हणजे ती आता अमेरिकन सरकारची. रात्री कात्रीने मिळवलेले न्यायालयात टिकले नाही. पण निवडणूक जिंकूनही ते टिकले नाही, हे त्याहून कडू आहे.

वायोमिंगमधील १८९२ ची 'जॉन्सन परगण्याची लढाई' आपण चित्रपटांतून ऐकली असेल. थोडक्यात एवढेच, की तेथे मोठ्या गुरेवाल्यांना मोकळेच कुरण हवे होते आणि आडवे येत होते ते लहान वसाहतवाले. गुरेचोर म्हणून त्यांची यादी करून मोठ्यांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले, दोन माणसे ठार केली. चिडलेल्या रहिवाशांनी या टोळीला घेरल्यावर राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी घोडदळ पाठवले आणि टोळीची सुटका केली. शिक्षा एकालाही झाली नाही.

आता एका अर्थशास्त्रज्ञाकडे वळतो, कारण त्याचे नाव घेऊन आजकाल आपल्याला पुष्कळ शहाणपण शिकवले जाते. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये एक निबंध लिहिला व १९९१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निबंधातील गाजलेले उदाहरण हेच आहे: एक गुरेवाला, शेजारी एक शेतकरी, आणि पिकात शिरणारी गुरे. मोलभाव करण्यास काहीच खर्च पडत नसेल, तर कायदा कोणाच्याही बाजूचा असो, दोघे आपसात सौदा करतील आणि एकूण उत्पादन सारखेच होईल, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तर्क बिनचूक आहे. सौद्याला प्रत्यक्षात खर्च पडतो व म्हणून कायद्याला महत्त्व येते, हे कोस यांनी स्वतः स्पष्ट लिहिले. त्यांच्या नावाने बाजाराची आरती करणाऱ्यांना तेवढे पान सापडत नाही. परंतु आपला आक्षेप त्याही पलीकडचा आहे. एकूण उत्पादन सारखे राहील, हे क्षणभर मान्य करू. पण सौद्यात पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे तर कायद्यानेच ठरते ना? जॉर्जियातील गाय विकून वाटेकरी झालेल्या माणसाला एकूण उत्पादनाचा आकडा सांगून काय उपयोग?

याच प्रश्नाचा मागोवा घेत रॉबर्ट एलिक्सन हे कायद्याचे प्राध्यापक १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडील शास्टा परगण्यात गेले. तेथे काही भाग मोकळ्या कुरणाचा, काही बंदिस्तीचा. नियम बदलला की शेजाऱ्यांचे सौदे कसे बदलतात, ते त्यांना पाहायचे होते. त्यांना आढळले ते असे, की रँचवाले कायद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत! पुष्कळांना तो धड माहीतही नव्हता. गुरे कोणाच्याही कायद्याखाली शिरोत, 'चांगल्या शेजाऱ्याने आपली जनावरे आवरावीत' हा त्यांचा एकच नियम. चुकार जनावर आले तर मालकाला निरोप धाडायचा आणि तो येईपर्यंत, कधी कधी काही महिनेसुद्धा, त्याला चारापाणी घालायचे. त्याचे पैसे मागणे हलकेपणाचे. आज तुझे आले, उद्या माझे जाईल, असा हिशेब मनातल्या मनात. सामाईक कुंपणाचा खर्च ज्याची जनावरे जास्त त्याने जास्त सोसायचा. कोणी वारंवार गुरे सोडलीच, तर प्रथम गावभर त्याची निंदा, मग धमकी, मग जनावर दूर कोठेतरी हाकलून देणे. न्यायालय अगदी शेवटी, तेही क्वचित. १९९१ मध्ये त्यांचे यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

हे ऐकून आपल्यातील सर्वोदयी वळणाचे मित्र आनंदतील व "पाहा, गावकी पुरेशी आहे" म्हणतील. मलाही ते चित्र आवडले. पण त्या प्राध्यापकांनी एक अट घालून ठेवली आहे: समाज घट्ट विणीचा असावा आणि त्यातील अनौपचारिक सत्ता सर्वांत बऱ्यापैकी वाटलेली असावी. शास्टातील रँचवाले एकमेकांच्या बरोबरीचे होते. प्रत्येकाजवळ जमीनही होती, गुरेही होती. प्रत्येक जण कधी शिरणारा, कधी सोसणारा. ज्याच्याजवळ फक्त जमीन आणि ज्याच्याजवळ फक्त जनावर, अशा दोघांत हा मनातला हिशेब कधीच जुळत नाही.

आता आपल्या शिवारात येऊ. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला आणि त्यात इंग्लंडचाच नियम ठेवला: जनावराच्या मालकाने जबाबदार राहायचे. शेतकऱ्याने गुरू पकडावे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, मालकाने दंड व खावटी भरून सोडवून न्यावे, नाहीतर लिलाव. मूळ कायद्यातील दंडाचा तक्ता पाहण्यासारखा आहे. हत्तीला दोन रुपये, म्हशीला आठ आणे, गायीबैलाला चार आणे, शेळीमेंढीला एक आणा. दोनशे मेंढ्यांचा कळप कोंडला गेला तर साडेबारा रुपये, पाच बैलांना सव्वा रुपया. एकोणिसाव्या शतकातील साडेबारा रुपये धनगराने कोठून आणावेत? पुढे राज्यांनी आकडे वाढवले, पण घडण तीच राहिली. आणखी एक गंमत. हा दंड, ज्याचे पीक गेले त्या शेतकऱ्याला मिळत नाही; तो सरकारी खात्यात जातो आणि शिल्लक रस्ते-पुलांच्या कामी लागते. शेतकऱ्याने भरपाईसाठी वेगळा दावा लावावा! म्हणजे त्या अर्जावर सह्या करणाऱ्या खातेदारांना कोंडवाड्यातून छदामही मिळणार नाही, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय?

त्यानंतर सात वर्षांनी, १८७८ मध्ये, जंगल कायदा आला आणि डोंगर, पडीत, चराऊ राने सरकारजमा होऊ लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुराढोरांना उभे राहण्यापुरतीही जागा ठेवली नाही, ही तक्रार अत्यंत जळजळीत शब्दांत मांडली आहे. १९३० साली पुसदला लोकनायक अणे यांनी गवत कापून सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशी हेच होते. चरण्याची जागा आधी काढून घ्यायची आणि मग जनावर दुसऱ्याच्या शेतात गेले म्हणून शेजाऱ्याला शेजाऱ्यावर घालायचे, हा क्रम ध्यानात घ्या.

एक गोष्ट मात्र अमेरिकेत नव्हती, ती आपल्याकडे होती. सुगी झाल्यावर शेतकरीच धनगराला बोलावी: माझ्या रानात मेंढ्या बसव. रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंडीखताबद्दल शेतकरी धान्य किंवा रोकड देई. आजही देतात. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाच्या तोंडाशी परतणारे कळप याच सौद्यांवर वाट काढतात. तेच जनावर कार्तिकात पाहुणे असते आणि श्रावणात चोर. मग आताच तंटा का वाढला? आपल्या तालुक्याचे उत्तर सर्वांना दिसते आहे. कालव्याचे पाणी आले, एका पिकाची दोन झाली, ऊस बारमाही उभा राहिला. रान रिकामे राहण्याचे दिवसच संपले. पाणी सरकारच्या, म्हणजे सर्वांच्या पैशाने आले. त्याचा लाभ कालव्याखालच्यांना आणि किंमत माळावरच्यांना.

आणि तरीही, माळावरच्या माझ्या मित्रा, जनावर नेहमी गरिबाचेच असते असे धरून चालू नकोस. १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. मराठवाड्यात गायराने कसणाऱ्या दलित कुटुंबांच्या उभ्या पिकात गावातील सवर्णांनी मुद्दाम गुरे घातल्याचे प्रकार पुढच्या दशकांत पुन्हा पुन्हा घडले आहेत. कारण सांगताना "गायरान गुरांसाठी असते" हेच सांगितले गेले. तेथे मोकाट गुरू हे जातीचे हत्यार होते. अशा ठिकाणी आपण कुंपणाच्या बाजूने उभे राहायचे आणि गरज पडल्यास खांब रोवायला जायचे.

मोकाट गुरांचा एक नवा प्रकारही आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून नव्यासाठी चार पैसे उभे करण्याची शेतकऱ्याची वाट बंद झाली. अवर्षणात असा बैल रात्री सोडून दिला जातो. २०१९ च्या पशुगणनेत देशभर ५० लाखांहून अधिक मोकाट गायीबैल मोजले गेले. उत्तर प्रदेशात २०१८ च्या अखेरीस तर संतापलेल्या शेतकऱ्यांनी अशी गुरे शाळांच्या आवारांत नेऊन कोंडली. ज्याचा मालक पुढेच येणार नाही, त्याला कोंडवाडा काय करणार? ते जनावर कायद्याने बेवारशी केले आहे, शेजाऱ्याने नव्हे.

तेव्हा दोघांनाही माझे उत्तर असे. तो अर्ज आहे त्या स्वरूपात पक्षाने उचलू नये. पण "मेंढपाळ गरीब, म्हणून पीक गेले तर गेले" असेही आपण म्हणू शकत नाही. कालव्याखाली दीड एकरवालाही आहे आणि त्याचा ऊस त्याच्या मुलीच्या लग्नाचा पैसा आहे. मागणी करायचीच तर भरपाई खात्यात न जाता पीक गेलेल्याच्या हातात पडावी, पंचनाम्याला दोन्ही वस्त्यांची माणसे असावीत, कळपांना कालव्याच्या पाण्यावर ठरलेल्या जागी उतरू द्यावे आणि त्यांच्या वाटा मोकळ्या कराव्यात, अशी करू. ही मागणी दोन्ही वस्त्यांच्या सह्यांनी जावी. एकाच वस्तीच्या सह्या असतील तर ती तहसीलदाराकडे नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी एक काम. माळावरून पाण्यावर जाणारी जुनी पांदण गावनकाशात आहे, असे वृद्ध सांगतात. आज तेथून कळप जात नाही, म्हणूनच तो उसात शिरतो. तिच्यावर तार कोणाची आहे, याबद्दल निरनिराळी नावे माझ्या कानावर आली आहेत. त्यांतील एक नाव अर्जावरच्या पहिल्या सहीचे आहे. ऐकीव गोष्टीवर मी बोलणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडे नकाशाची नक्कल मागितली आहे. ती हाती आली की भांडलेल्या दोघांनीही बरोबरच जाऊन पांदण पायी चालून पाहावी आणि पुढच्या बैठकीत काय दिसले ते सांगावे.